लेक्टिने व रक्तगट

कोशिकांच्या (पेशींच्या) पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करा ओळखून त्यांना चिकटणाऱ्या प्रथिनांना ‘लेक्टिने’ म्हणतात. ती एंझाइमांप्रमाणे शर्करेत रासायनिक बदल घडवून आणीत नाहीत, तसेच प्रतिपिंडांप्रमाणे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेकडूनही निर्माण होत नाहीत. शिंबावंत कुलातील वनस्पतींच्या बियांत, म्हणजे कडधान्यांत, ती विपुल आढळतात. तथापि प्राणी, सूक्ष्मजंतू व व्हायरस यांच्यातही ती आहेत. तांबड्या रक्तकोशिकांच्या विद्रावात योग्य लेक्टिन मिसळल्यास कोशिकांच्या गुठळ्या होतात. या क्रियेस समूहन म्हणतात. कोशिकेच्या पृष्ठभागावर कोणती शर्करा आहे याची डोळ्यांना दिसणारी पहिली साक्ष या साध्या क्रियेने मिळाली. रक्तगटांच्या रासायनिक स्वरूपाचा उलगडा १९५० नंतरच्या दशकात झाला, त्यात पुणे व मुंबई येथे लागलेल्या दोन शोधांचा मोठा वाटा आहे. त्यांपैकी एकाचे साधन नांदेड, लातूर या भागांतील हलक्या जमिनीत पिकणारे हुलगा (कुळीथ) हे कडधान्य होते.

बंधनाचे स्वरूप : कोशिकेचे पटल मुख्यतः मेदद्रव्ये व प्रथिने यांचे बनलेले असते. त्यांपैकी अनेकांना शर्करा रेणूंच्या लहानमोठ्या साखळ्या जोडलेल्या असून त्या पटलाच्या बाहेरील बाजूस पसरलेल्या असतात. बाहेरून येणाऱ्या रेणूची गाठ प्रथम या साखळ्यांशी, व त्यातही त्यांच्या टोकाच्या शर्करेशी पडते. लेक्टिनाच्या रेणूत एक उथळ खोबण असते व तिच्यात विशिष्ट आकाराची शर्कराच नीट बसते. दोहोंमधील बंध हायड्रोजन बंध व तत्सम दुर्बल आकर्षणांचे असतात. त्यांत कायमचा रासायनिक संयोग होत नाही. यामुळे एका खोबणीची पकड सहज सुटू शकते. परंतु एका लेक्टिन रेणूस दोन, चार किंवा अधिक खोबणी असतात व कोशिकेवर तशाच शर्करांची संख्या लाखांच्या घरात असते. एकेक धागा कच्चा असला, तरी अनेक धाग्यांचा दोर जसा तुटत नाही, तशी ही पकड एकत्रितपणे बळकट होते. लेक्टिनाची एक खोबण एका कोशिकेस व दुसरी शेजारच्या कोशिकेस धरते, असे पूल सर्वत्र बांधले गेले की समूहन होते.

याच गुणधर्मातून तपासणीची एक सोपी रीत निघाली. मिश्रणात योग्य ती मुक्त शर्करा पुरेशा प्रमाणात घातली, तर लेक्टिनाच्या खोबणी तिनेच भरून जातात व समूहन थांबते. ज्या शर्करेने समूहन थांबते, ती अथवा तिच्याशी साम्य असणारी शर्करा कोशिकेच्या पृष्ठभागावर असली पाहिजे, असे अनुमान यावरून काढता येते.

पूर्वेतिहास : या विषयाचा आरंभ विषांच्या अभ्यासातून झाला. दोर्पात (सध्याचे एस्टोनियातील तार्तू) येथील विद्यापीठात हेरमान श्टिलमार्क यांनी १८८८ मध्ये आपल्या प्रबंधात एरंडाच्या बियांतील ‘रिसिन’ या विषारी प्रथिनाचे वर्णन केले व त्यामुळे तांबड्या रक्तकोशिकांचे समूहन होते, असे दाखविले. त्यानंतर थोड्याच काळात गुंजेच्या बियांतील ‘ॲब्रिन’ या प्रथिनातही तसाच गुणधर्म आढळला. मराठवाड्यातील खेड्यांना ही दोन्ही झाडे पूर्वापार परिचित आहेत. एरंड शेताच्या बांधावर आढळतो, तर गुंज कुंपणावरील वेलीवर येते आणि सोनाराच्या तराजूत वजन म्हणून वापरली जात असे. गुंजेच्या बियांच्या लगद्यापासून केलेल्या सुया टोचून गुरे मारण्याचे प्रकार एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत नोंदले गेले होते. या विषांची घातकता त्यांच्या दुहेरी रचनेत आहे, हे पुढे स्पष्ट झाले. रेणूचा एक भाग कोशिकेवरील गॅलॅक्टोज शर्करेला चिकटतो आणि त्याच्या आधाराने आत शिरलेला दुसरा भाग कोशिकेतील प्रथिननिर्मिती बंद पाडतो. चिकटणारा भाग नसेल, तर मारक भागास कोशिकेत सहज प्रवेश मिळत नाही.

जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८९१ मध्ये रिसिन व ॲब्रिन अत्यल्प प्रमाणात उंदरांना देऊन त्यांच्यात प्रतिकारक्षमता निर्माण केली. रिसिनाविरुद्ध मिळालेले संरक्षण ॲब्रिनाविरुद्ध उपयोगी पडत नाही, असे त्यांना दिसले व त्यावरून प्रतिकारक्षमतेच्या विशिष्टतेचे तत्त्व पुढे आले. कोशिकेवर बाहेरील द्रव्ये धरून ठेवणारे ‘ग्राही’ असतात, ही कल्पनाही त्यांच्याच विचारातून वाढली. १९०१ मध्ये कार्ल लांटश्टाइनर यांनी मानवी रक्ताचे गट वर्णिले व रक्ताधानाला शास्त्रीय पाया मिळाला. या कार्याबद्दल त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तथापि ए व बी गटांच्या कोशिकांत नेमका कोणता रासायनिक भेद असतो, हे त्यानंतर सुमारे अर्धशतक अज्ञातच होते.

अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ जे. बी. समनर यांनी अबईच्या जातीतील एका शेंगेच्या बियांपासून ‘कॉनकॅनव्हॅलीन ए’ हे प्रथिन १९१९ मध्ये स्फटिकरूपात मिळविले. समूहन घडवून आणण्याचा त्याचा गुणधर्म साखरेने रोखता येतो, असे समनर व हॉवेल यांनी १९३६ मध्ये दाखविले. मात्र बियांतील द्रव्य एका रक्तगटाची निवड करू शकते, हे उघड होण्यास १९४० नंतरचे दशक उजाडावे लागले. फिनलंडमध्ये रेंकोनेन (१९४८) व अमेरिकेत बॉइड आणि रेगुएरा (१९४९) यांना काही बियांच्या अर्कांनी ए गटाच्या कोशिकांचे निवडक समूहन होते, असे आढळले. निवड करणारी प्रथिने म्हणून बॉइड व शॅप्ली यांनी १९५४ मध्ये, ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून, त्यांना ‘लेक्टिन’ हे नाव दिले.

पुण्यातील शोध : ए गट एकजिनसी नसून त्याचे ए-१ व ए-२ असे मुख्य उपगट आहेत, हे १९११ पासून ज्ञात होते. दोहोंतील फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. ए-२ कोशिकांवर ए प्रतिजनाची स्थाने बरीच कमी असतात : ए-१ कोशिकेवर ती सु. ८ ते १२ लाख, तर ए-२ कोशिकेवर सु. अडीच ते तीन लाख असतात. एबी गटाच्या व्यक्तीत ए-२ प्रतिजन दुर्बल असल्यास तिचे रक्त चुकून बी गटाचे समजले जाण्याचा धोका असतो. शिवाय काही ए-२ व ए-२बी व्यक्तींच्या रक्तरसात ए-१ कोशिकांविरुद्ध प्रतिपिंड असतो. हे उपगट ओळखण्यासाठी लागणारा रक्तरस मानवी रक्तापासून कष्टाने तयार करावा लागे व त्याचा पुरवठाही मर्यादित होता.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील रक्तगटतज्ज्ञ जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी बियांच्या अर्कांची तपासणी करताना हुलग्याच्या अर्कात ए गटाविरुद्ध समूहन घडवणारे द्रव्य असल्याचे दाखविले. याविषयीची त्यांची टिपणे १९५१ मध्ये ‘करंट सायन्स’ व १९५२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. अर्क योग्य प्रमाणात विरल केल्यास तो ए-१ कोशिकांचे समूहन करतो, परंतु ए-२ कोशिकांचे करीत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय. हुलगे दळून मिठाच्या सौम्य विद्रावात भिजवावयाचे, वरचे पाणी निवळून घ्यावयाचे व माहीत असलेल्या कोशिकांशी ताडून त्याची तीव्रता ठरवावयाची, एवढीच ही कृती होती. दुर्मिळ मानवी रक्तरसाच्या जागी बाजारात सहज मिळणारे धान्य आल्याने उपगटांची तपासणी लहान प्रयोगशाळांच्याही आवाक्यात आली. त्या काळी हुलग्याचे शास्त्रीय नाव डॉलिकॉस बायफ्लोरस असे मानले जाई. वनस्पतिशास्त्रात पुढे हे नाव बदलून मॅक्रोटिलोमा युनिफ्लोरम असे झाले, तरी रक्तगटशास्त्रात ‘डॉलिकॉस लेक्टिन’ हेच नाव रूढ राहिले. एट्झलर व केबट यांनी १९७० मध्ये हे लेक्टिन शुद्ध स्वरूपात मिळविले.

मुंबई रक्तगट : हुलग्याच्या शोधाने शर्करेचा सूक्ष्म भेद वाचण्याचे साधन मिळाले, तर मुंबईच्या शोधाने ती शर्करा मुळातच नसेल तर काय होते, ते कळले. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांना मुंबईत अशा तीन व्यक्ती आढळल्या की, ज्यांच्या कोशिकांवर ए व बी प्रतिजन तर नव्हतेच, परंतु ओ गटाच्या कोशिकांवर नेहमी असणारा एच हा प्रतिजनही नव्हता. नेहमीच्या तपासणीत त्यांचे रक्त ओ गटाचे भासे. मात्र त्यांच्या रक्तरसाने ओ गटाच्या कोशिकांचेही समूहन होई. लंडनमधील आर. आर. रेस, रूथ सँगर, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्झ यांच्यासह या निरीक्षणाचा वृत्तांत १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. या गटास पुढे ‘मुंबई (बाँबे) रक्तगट’ हे नाव मिळाले.

या शोधाचे व्यावहारिक गांभीर्य मोठे आहे. ओ गटाचे रक्त कोणासही चालते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मुंबई गटाच्या रुग्णाला मात्र ते घातक ठरते. त्याच्या रक्तरसातील एच-विरोधी प्रतिपिंड शरीराच्या तापमानालाही क्रियाशील असल्यामुळे बाहेरून आलेल्या ओ कोशिका फुटतात व त्यातून मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. अशा रुग्णाला केवळ मुंबई गटाचेच रक्त चालते. कोशिका व रक्तरस अशी दुहेरी तपासणी केली आणि रक्त देण्यापूर्वी दात्याच्या व रुग्णाच्या रक्ताचा मेळ पाहिला, तर हा गट सुटत नाही. केवळ कोशिकांची तपासणी करून ‘ओ’ अशी नोंद केली, तर तो हमखास सुटतो. निर्णायक तपासणीसाठी पुन्हा एका वनस्पतीचेच साहाय्य होते. यूरोपातील युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांतील, काझाल व लालोरी यांनी १९५२ मध्ये वर्णिलेले लेक्टिन एच प्रतिजनाला चिकटते. ओ गटाच्या कोशिका त्याने गोळा होतात, मुंबई गटाच्या होत नाहीत.

भाटिया व साठे यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मुंबईत हा गट सु. ७,६०० व्यक्तींत एकीचा आढळला. इतर खंडांत तो अत्यंत विरळा आहे. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक (जीन) आले, तरच हा गट प्रकट होतो. त्यामुळे मामे-आते भावंडांत किंवा मामा-भाचीत विवाह होणाऱ्या समाजांत त्याची शक्यता वाढते. अशा विवाहांची चाल दक्षिण महाराष्ट्र व मराठवाडा येथील अनेक जातींत पूर्वापार आहे. याचीच दुसरी बाजू अशी की, मुंबई गटाच्या रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तोच गट असण्याची शक्यता साधारणपणे चारांत एक असते. म्हणून दात्याचा शोध प्रथम घरातूनच सुरू केला जातो. या विरळ गटांच्या अभ्यासासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. त्याचेच पुढे प्रतिरक्षा-रक्तविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत रूपांतर झाले.

शर्करेचा उलगडा : मुंबईच्या वृत्तांताचे सहलेखक मॉर्गन व वॉटकिन्झ हे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रक्तगटद्रव्यांच्या रसायनाचा अभ्यास करीत होते. ईल माशाच्या रक्तरसाने ओ कोशिकांचे होणारे समूहन फ्यूकोज या शर्करेने थांबते, असे त्यांनी १९५२ मध्ये दाखविले. पुढील वर्षी बियांतील समूहनद्रव्यांवर हीच रीत वापरून, ए गटाशी ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन ही शर्करा निगडित असल्याचा पुरावा त्यांनी दिला. अशा प्रयोगांतून पुढील चित्र सिद्ध झाले : शर्करा साखळीच्या टोकाला फ्यूकोज जोडला की एच प्रतिजन बनतो, एच प्रतिजनाला ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन जोडली की ए आणि गॅलॅक्टोज जोडला की बी. काहीच जोडले गेले नाही, तर एच तसाच राहतो व तोच ओ गट होय.

एच हा इतर दोहोंचा पाया आहे, हे मुंबई गटामुळे स्पष्ट झाले. अमेरिकेत लेव्हीन व त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये अशा एका स्त्रीचे उदाहरण प्रसिद्ध केले की, जिच्या कोशिकांवर बी प्रतिजन नव्हता, तरी तिने बी जनुक आपल्या मुलीस दिले होते. म्हणजे जनुक होते. परंतु ज्यावर त्याने काम करावयाचे तो पायाच नव्हता. यावरून रक्तगटाची जनुके शर्करा स्वतः तयार करीत नाहीत, तर शर्करा जोडणारी एंझाइमे तयार करतात, या उपपत्तीला बळकटी आली. १९९० मध्ये ही जनुके हाती लागल्यावर तिचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. ए व बी एंझाइमांत केवळ चार ॲमिनो अम्लांचा भेद आहे, तर नेहमीच्या ओ जनुकात एकच घटक गळल्यामुळे एंझाइम निकामी होते. भारतीय मुंबई गटात फ्यूकोज जोडणाऱ्या एका जनुकातील बदल व शेजारच्या दुसऱ्या जनुकाचा लोप हे दोन्ही एकत्र आढळतात, असे १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दाखविण्यात आले. रुग्णाचा जीव ज्यावर अवलंबून असतो तो भेद, याप्रमाणे, एका शर्करेच्या असण्या-नसण्याचा आहे.

मराठवाड्यातील कडधान्ये : हे दोन्ही शोध लागले त्या वेळी नांदेड जिल्हा व ज्यात लातूरचा समावेश होता तो उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होते. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. लातूर हा वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. नांदेडला १९८८ मध्ये व लातूरला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर रक्तगटांची सविस्तर तपासणी या जिल्ह्यांतील रुग्णांच्या जवळ आली.

या तपासणीस उपयोगी पडणारी लेक्टिने याच प्रदेशाच्या पिकांत आहेत. हुलग्याची शेंगोळी व माडगे हे येथील घरोघरचे पदार्थ आहेत. भुईमुगातील लेक्टिनाचा उपयोग बर्ड यांनीच १९६४ मध्ये दाखविला. काही सूक्ष्मजंतूंच्या एंझाइमांमुळे तांबड्या कोशिकांवरील टोकाची शर्करा तुटते व एरवी झाकलेला टी प्रतिजन उघडा पडतो. अशा कोशिका जवळजवळ सर्व प्रौढांच्या रक्तरसाने गोळा होऊन गटनिश्चितीत घोटाळा होतो. भुईमुगाच्या अर्काने हा दोष ओळखता येतो. या लेक्टिनाची त्रिमितीय रचना बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. विजयन, ए. सुरोलिया व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून लातूर ज्याची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखली जाते, त्या सोयाबीनमधील लेक्टिन लीनर व पॅलँश यांनी १९५२ मध्ये वेगळे केले होते. १९८० नंतर अस्थिमज्जेच्या आरोपणापूर्वी नको असलेल्या कोशिका दूर करण्यासाठी राइसनर व त्यांचे सहकारी यांनी त्याचा यशस्वी उपयोग केला.

अनेक कच्च्या कडधान्यांतील लेक्टिने आतड्याच्या अस्तरास चिकटून पचनात बिघाड करतात. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्याने उलट्या व जुलाब होतात. डाळी व कडधान्ये भिजवून, ते पाणी टाकून, पुरेशी उकळून खाण्याच्या रूढ पद्धतीने ही प्रथिने निष्प्रभ होतात. केवळ मंद आचेवर गरम केल्याने मात्र ती नष्ट होतीलच असे नाही. एरंडाची पेंड योग्य प्रक्रियेशिवाय जनावरांना घालणे धोक्याचे असते, याचेही कारण तिच्यात उरणारे रिसिन हेच होय.

व्यापक महत्त्व : कोशिकेच्या पृष्ठभागावरील बंधन ही अनेक रोगांची पहिली पायरी असते. इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस आपल्या लेक्टिनसदृश प्रथिनाने श्वसनमार्गातील कोशिकांवरील सियालिक अम्लाला चिकटतो. पटकीचे विष एस. एन. डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यास दाखविले. ते आतड्याच्या कोशिकांवरील ‘जीएम-१’ या शर्करायुक्त मेदाला धरते, असे १९७३ च्या सुमारास निश्चित झाले. मूत्रमार्गाचा दाह करणाऱ्या काही सूक्ष्मजंतूंचे चिकटणे मॅनोज शर्करेने थांबविता येते. शर्करेप्रमाणेच पृष्ठभागावरील प्रथिनेही प्रवेशद्वार ठरतात. व्हायव्हॅक्स हिवतापाच्या परजीवीस तांबड्या कोशिकेत शिरण्यासाठी बहुधा डफी हा रक्तगट प्रतिजन लागतो, असे मिलर व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये दाखविले. ज्या पश्चिम आफ्रिकी लोकांत तो नाही, त्यांच्यात या प्रकारचा हिवताप क्वचितच आढळतो. शरीराच्या स्वतःच्या व्यवहारातही लेक्टिने आहेत : दाहाच्या जागी पांढऱ्या रक्तकोशिका रक्तवाहिनीच्या भिंतीशी थबकतात, त्या तेथील ‘सिलेक्टिन’ या प्रथिनांमुळे. चिकटणे रोखले तर रोग रोखता येईल, या विचारावर अनेक औषधांचे संशोधन आधारलेले आहे.

कोलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकजातीय प्रतिपिंड तयार करण्याची पद्धत शोधून काढली. त्यानंतर नेहमीच्या रक्तगट तपासणीत लेक्टिनांचा वापर कमी झाला. तरीसुद्धा ए-१ उपगटासाठी हुलग्याचे व एच प्रतिजनासाठी युलेक्सचे लेक्टिन रक्तपेढ्यांत अजून वापरले जाते. ओ म्हणून नोंदलेले रक्त खरोखरच ओ आहे की मुंबई गटाचे, याचा निर्णय यांपैकी दुसऱ्या अर्काच्या एका थेंबाने काही मिनिटांत लागतो.